कुंडीतलं पानिपत

पानिपत जिल्हा आज कागदोपत्री राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये मोडतो. बदली होऊन दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला नर्सरीत पाय ठेवण्याआधी ही माहिती द्यायला हवी. या मुलखात बागेची स्वप्नं घेऊन येणाऱ्यांचा इतिहास जुना आहे. बाबराने 1526 मध्ये पानिपत जिंकलं आणि राज्य हाती आल्यावर त्याला खुपलं ते हे, की इथे धड बाग नाही आणि वाहतं पाणी नाही. ऊन, सोसाट्याचा वारा आणि धूळ या तिघांनी आपल्याला जेरीस आणलं, अशी तक्रार त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. पाचशे वर्षं झाली, नोएडातल्या सोळाव्या मजल्यावरची बाल्कनी याच तिघांविषयी हीच तक्रार करते. फरक इतकाच, की त्याने आग्र्यात चारबाग उभी करून दाखवली आणि बाल्कनीवाल्याकडून मनी प्लांटही टिकत नाही. दुसरं उदाहरण आपल्याला जास्त झोंबणारं आहे. 14 जानेवारी 1761 च्या पराभवाची कारणं इतिहासकार अजून मोजत आहेत, पण तुटलेली रसद आणि उत्तरेची थंडी ही दोन कारणं बहुतेक सगळ्या याद्यांत असतात. दिल्लीतल्या मराठी घरांत दर हिवाळ्यात जी झाडं मरतात, त्यांच्या पंचनाम्यातही हीच दोन कारणं निघतात. शौर्यात कमतरता तेव्हाही नव्हती, आताही नसते. चुकतं ते दिवसांचं गणित.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की दिल्ली आणि भोवतालच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबादेत बाग फुलते ती प्रेमामुळे नाही, हौसेमुळे नाही, 'हाताला गुण' असल्यामुळे तर अजिबात नाही. ती फुलते तारखा पाळल्यामुळे. पुणे-मुंबईकडून आलेल्याला हे पटत नाही, कारण तिकडे हवामान झाडाला सांभाळून घेतं. मुंबईत जास्वंदीला जानेवारी आणि मे यांतला फरक फारसा कळत नाही, आणि तिथे कुंडी विसरून गावाला गेलं तरी जून महिना येऊन निस्तरतो. दिल्लीचा स्वभाव निराळा आहे. 29 मे 2024 रोजी मुंगेशपूरच्या केंद्रावर पारा 52.9 अंशांवर पोचल्याची बातमी आली आणि देश हादरला. हवामान खात्याने तपासणी करून सांगितलं, की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे खरा आकडा पन्नासच्या आत होता, आणि हे ऐकून दिल्लीकरांना हायसं वाटलं. त्यानंतर बरोबर तिसाव्या दिवशी, 28 जूनला, सफदरजंगला चोवीस तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस झाला आणि रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. त्याच कुंडीने पुढे जानेवारीत चार-पाच अंशांच्या रात्री काढायच्या, आणि धुक्यामुळे दिवसच्या दिवस सूर्याचं तोंड बघायचं नाही. एकाच झाडाने एका वर्षात हे सगळं सोसावं आणि शिवाय फुलावं, ही अपेक्षा माणसाकडून केली तर युनियन संपावर जाईल.

म्हणून दिल्लीत झाडांकडे केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसांसारखं पाहावं. काही कायमस्वरूपी असतात आणि बाकीचे डेप्युटेशनवर येतात. बोगनवेल, मोगरा, मधुमालती, कण्हेर, पारिजातक, लिंबू, कढीपत्ता ही कायम मंडळी. त्यांना इथल्या उन्हाची सवय आहे. मोगरा तर एप्रिल-मेमध्ये, सगळं शहर कोमेजलेलं असताना, हट्टाने फुलतो. त्यांची मागणी एवढीच, की जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीत मोगऱ्याची छाटणी करा आणि हिवाळ्यात उगाच पाणी पाजू नका. पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, कॅलेंडुला, डेलिया, स्वीट पी ही मंडळी ठराविक मुदतीसाठी आलेली. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बी पेरायचं, नोव्हेंबरात रोपं कुंडीत बसवायची, फेब्रुवारीत बहर आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निरोप. उन्हाळ्यात त्यांची जागा झिनिया आणि ऑफिस टाइम घेतात, पावसाळ्यात तेरडा आणि कोंबडा. हे मान्य केलं की निम्मं दुःख संपतं. पण मराठी मन झाडाला एकदा नाव देऊन बसलं की सोडत नाही. मार्चअखेरीस पिवळ्या पडलेल्या पेटुनियाला सावलीत हलवणं, तिला ताक पाजणं, यूट्यूबवर उपाय शोधणं हे सगळं सुरू होतं. त्या बिचारीची मुदत संपलेली असते. तिला मुदतवाढ देणारं खातं निसर्गात नाही.

खरेदीची वेळही नेमकी उलटी पडते. बहुतेक जण नर्सरीत जातात ते फेब्रुवारीत, कारण तेव्हा जोरबागेतल्या नर्सऱ्यांपासून गल्लीत फिरणाऱ्या रेहडीपर्यंत सगळं फुलांनी लगडलेलं असतं. रेहडीवाला 'कुछ नहीं करना है भाभीजी, बस पानी देना है' असं म्हणतो आणि ते शब्दशः खरं असतं, कारण महिन्या-दीड महिन्यानंतर पाणी देण्यासारखंही काही उरत नाही. फुललेलं रोप विकत घेणं म्हणजे त्याची निवृत्ती विकत घेणं. ऑक्टोबरात हीच रोपं वीतभरसुद्धा नसतात, त्यांच्यावर एक फूल नसतं, आणि त्यामुळे त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ती तेव्हा घ्यावीत. गुलाबाचंही तसंच. दिल्लीत गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला करतात. कात्री लावताना हात थरथरतो म्हणून अनेकजण टोकं तेवढी खुडतात आणि मग झाड वाढतं पण फुलत नाही. शिवाय नर्सरीतला गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून केलेला असतो. उन्हाळ्यात वरचा नाजूक भाग होरपळतो आणि खालच्या खुंटाला तरारून फांद्या फुटतात. घरचे 'बघा, कसा जोमाने वाढलाय!' म्हणून फोटो काढतात. जोमाने वाढतो तो घरात घेतलेला गुलाब नसतो, त्याचा जावई असतो. डोळ्याच्या जोडाखालून आलेला फुटवा दिसताक्षणी कापला, तर ही वेळ येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग राष्ट्रपती भवनातली बाग कशी फुलते? तिथेही हेच हवामान ना? ल्यूटन्सने आखलेली ती पंधरा एकरांची बाग, जिला 2023 पासून अमृत उद्यान म्हणतात, माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा नाही, ती माझी मुख्य साक्षीदार आहे. लोकांसाठी तिचा मोठा उत्सव कधी भरतो? फेब्रुवारी-मार्चमध्ये. 2023 पासून पावसाळ्यातही काही दिवस दरवाजे उघडू लागले आहेत. मे महिन्यात मात्र ती बघायला या, असं निमंत्रण राष्ट्रपतीही कोणाला देत नाहीत. माळ्यांचा ताफा हाताशी असलेल्या बागेला जर वर्षातले मोजकेच आठवडे मिरवता येत असेल, तर द्वारकेतल्या दोन बाय सहाच्या बाल्कनीने बारमाही बहराचा आग्रह कशाला धरावा? शांतिपथावरचे ट्युलिप याहून स्पष्ट बोलतात. नवी दिल्ली नगरपालिका त्यांचे कंद थेट नेदरलँड्सहून मागवते. डिसेंबरच्या सुमारास लावतात, फेब्रुवारीत फुलतात, ऊन तापलं की संपतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवे कंद येतात. व्हिसा संपल्यावर परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्याबद्दल कोणी शोक करत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या रसिकांनी दिल्लीला तिच्या सर्वोत्तम पंधरवड्यात पाहिलं. त्यातल्या कोणी 'दिल्लीत काय सुंदर फुलं हो!' असं मत घेऊन परतीची गाडी पकडली असेल, तर ते मत मे महिन्यात तपासून घ्यावं.

आता आपल्या हळव्या जागा. कढीपत्ता, तुळस आणि अळू ही त्रयी मराठी घरात हवीच, आणि तिघांचा दिल्लीतला मृत्यू बहुधा मायेने होतो. कढीपत्ता थंडीत झोपी जातो. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळतात, नुसती काठी उरते. घरातली माणसं घाबरतात आणि त्याला रोज पाणी घालू लागतात. गार ओल्या मातीत झोपलेल्या झाडाची मुळं कुजतात, आणि फेब्रुवारीअखेर जे सहज फुटलं असतं ते खरोखर मरतं. काठी नखाने जरा खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तुळशीची कथा जास्त करुण आहे. कार्तिकात तिचं थाटात लग्न लावायचं, आणि डिसेंबरात पहिली कडक रात्र पडली की नवरी काळवंडते. कित्येक घरांत तिला ओढणी पांघरतात. त्याने दवापासून थोडा बचाव होतो, पण खरा उपाय ओढणीत नाही, मंजिऱ्यांत आहे. लग्नाच्या सुमारास वाळलेल्या मंजिऱ्या कागदी पुडीत ठेवाव्यात आणि मार्चमध्ये पेराव्यात. तुळस वाचवण्यापेक्षा तुळशीचा वंश वाचवणं सोपं. अळवासाठी तर नर्सरीत जायचंही कारण नाही. दिल्लीच्या भाजीबाजारात 'अरबी' म्हणून जे गड्डे मिळतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या कुंडीत किंवा तुटक्या बादलीत पुरले, की पावसाळ्यात पानं येतात. इथले लोक खालचं खातात आणि वरचं टाकतात, आपण नेमकं उलट. तेव्हा शेजारणीशी करार करून एकाच कुंडीत दोन संस्कृती नांदू शकतात. हिवाळ्यात अळूही जमिनीखाली गुप्त होतं. त्याला शोधायला जाऊ नये.

पाण्याविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण रसद म्हणतात ती हीच. दिल्ली-एनसीआरच्या बऱ्याच वस्त्यांत बोअरचं पाणी खारं आणि जड आहे, आणि यमुनेच्या गाळाची मातीही अल्कधर्मी. कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो, पानांची टोकं करपतात, आणि अनंतासारख्या आम्लधर्मी मातीत रमणाऱ्या झाडाची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती अल्कधर्मी झाली की तिच्यातलं लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोकणातून रेल्वेच्या वरच्या बर्थवर उशाशी घेऊन आणलेल्या सोनचाफ्याचं इथे जे होतं, ते यामुळेच. त्यात आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालण्याची एक काटकसरी पद्धत आहे. पाणी वाया जाऊ नये ही भावना उदात्त आहे, पण यंत्राने क्षार गोळा करून जे पाणी बाजूला काढलं तेच कुंडीत ओतायचं, म्हणजे आपल्या पोटाला नको असलेलं मीठ गुलाबाला खाऊ घालायचं. त्या पाण्याने जिना धुवावा. झाडांसाठी वरदान आहे ते एसीतून ठिबकणारं पाणी. हवेतला दमट अंश गार होऊन जमलेलं ते पाणी जवळपास क्षाररहित असतं, आणि जुलै-ऑगस्टच्या घामट दिवसांत एका रात्रीत बादली भरते. मात्र तोच एसी बाहेरच्या बाजूने भट्टीसारखी हवाही फेकतो, त्यामुळे पाण्याच्या नळीजवळची कुंडी जगते आणि पंख्यासमोरची भाजते. हिवाळ्यात पाणी सकाळी, ऊन आल्यावर द्यावं. उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्य बुडाल्यावर. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहावं आणि ओल लागली तर हात आवरावा. कुंडीखालचं भोक उघडं आहे ना, हे जूनच्या आधी एकदा पाहून घ्यावं. ते बुजलेलं असेल तर पहिल्याच मुसळधार पावसात आपली बाग मत्स्यशेती होते.

बागेची 'शैली' हा विषय मात्र मासिकांच्या गुळगुळीत पानांवर जितका मोठा दिसतो तितका नाही. इंग्लिश कॉटेज, जपानी, बाली, ट्रॉपिकल, भिंतीवरची उभी बाग यांतलं काहीही निवडा, दिल्लीत शेवटी दोनच शैली उरतात: दक्षिण बाल्कनीची आणि इतर बाल्कन्यांची. कारण साधं आहे. दिल्ली साधारण साडेअठ्ठावीस अक्षांशावर आहे. जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 85 अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीला वरच्या मजल्याची स्लॅबच छत्री धरते. डिसेंबरात तो जेमतेम 38 अंशांवर असतो आणि त्याच बाल्कनीत आतपर्यंत ऊन पोचतं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन, तेही फुकट. पण वास्तुशास्त्राला दक्षिण चालत नाही, म्हणून लोक जास्त पैसे मोजून उत्तरेचा नाही तर पश्चिमेचा फ्लॅट घेतात. मग उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळी फुलं उन्हाअभावी रडतात आणि पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी तीननंतर कुंडीतली माती चुलीवर ठेवल्यासारखी तापते. पश्चिमेला हिरवी जाळी, मातीच्या कुंड्या, त्या एकमेकींना चिकटून ठेवणं आणि बोगनवेल यांना पर्याय नाही. उत्तरेला मनी प्लांट, स्नेक प्लांट, नेचे. जुन्या लोकांना हे कळत होतं. चारबागेची आखणी, मधले पाट, झाडांची रांग हे सगळं उन्हाला गृहीत धरून केलेलं होतं. हुमायूनच्या मकबऱ्यात किंवा शेजारच्या सुंदर नर्सरीत भर उन्हात जाऊन उभं राहिलं की सावली हा बागेचा अलंकार नसून पाया आहे हे पटतं. हिरवळ हा त्यानंतरचा इंग्रजी हट्ट. दिल्लीत फ्लॅटच्या गच्चीवर लॉन करणाऱ्याला पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर पाठ असावा लागतो.

दुसरा आक्षेप हवेचा. दिल्लीत नोव्हेंबरात श्वास घेणं म्हणजेच साहस, मग घरात हवा शुद्ध करणारी झाडं ठेवायला नकोत का? ही समजूत बरीच जुनी. नासाचा 1989 चा प्रयोग बंद पेट्यांत झाला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक नर्सरीवाला नासाचा अधिकृत प्रवक्ता आहे. दिल्लीकरांकडे घरचाही दाखला आहे. नेहरू प्लेसमधल्या पहाडपूर बिझनेस सेंटरच्या कमल मीटल यांनी 2009 मधल्या एका गाजलेल्या भाषणात हिशेब मांडला होता: माणशी खांद्याएवढे चार अरेका पाम आणि कमरेएवढी सहा ते आठ स्नेक प्लांट. या दुसऱ्या झाडाला सासूची जीभ असंही नाव आहे. एका माणसामागे आठ सासवांच्या जिभा ही व्यवस्था कार्यालयात चालून जाईल, पण घरात मूळ सासूबाई असताना ती कितपत परवडेल, हा प्रश्न त्या हिशेबात धरलेला नाही. त्या इमारतीत सुमारे तीनशे माणसांमागे बाराशे झाडं होती. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी आधीचे प्रयोग तपासून दाखवलं, की साध्या खिडकी-दारातून खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत कमीत कमी नव्वदेक झाडं, आणि तीही रसायनांच्या वाफांसाठी. धुरातल्या सूक्ष्म कणांचा त्यात संबंध नाही. नव्वद झाडं ठेवल्यावर खोलीत श्वास घेणारा माणूस बसवायला जागा उरणार नाही, त्या अर्थाने प्रदूषणाचा प्रश्न सुटेल. त्यापेक्षा आपणच झाडांची हवा शुद्ध करावी: धुळीने माखलेली पानं आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, ओल्या फडक्याने पुसावीत. झाडं आपल्याला वाचवतात हे शाळेत शिकलेलं खरं असेल. दिल्लीत आधी आपण त्यांना वाचवायचं असतं.

शत्रूंविषयी फार लिहीत नाही. कबुतरं कुंडीत अंडी घालतात आणि मग घरातलं कोणीतरी दयाळू माणूस पिल्लं उडेपर्यंत पाणी घालू देत नाही. मध्य दिल्लीत माकडं टोमॅटो पिकण्याचा मुहूर्त मालकापेक्षा अचूक ओळखतात. 2014 मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितलं होतं, की माकडांना पळवण्यासाठी नवी दिल्ली नगरपालिकेने चाळीस माणसं ठेवली आहेत, जी लंगुराची नक्कल करतात. माणसाची वार्ता याहून न्यारी. 2023 मध्ये गुरुग्रामला जी-20 ची बैठक होती म्हणून रस्त्याकडेला फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या, आणि एक महागडी गाडी थांबवून त्या कुंड्या डिकीत भरल्या जात असल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. बैठक भ्रष्टाचारविरोधी कार्यगटाची होती. तात्पर्य, कुंडी जड घ्यावी.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्याला हसून टाळता येणार नाही. तारखा पाळा म्हणता, पण तारखाच जागेवर राहिल्यात कुठे? फेब्रुवारीत ऊन चटके देतं, ऑक्टोबरात पंखे फिरतात, पाऊस येतो तेव्हा एका दिवसात महिन्याचा येतो. हे खरं आहे. दिल्लीत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख 27 जून, मुंबईची 11 जून. पण सरासरी तारखेला पाऊस आल्याचा दाखला शोधावा लागतो. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा रस्त्यावरचं पाहावं. दिल्लीच्या रस्त्यांवरची झाडं हे फुकटचं आणि बिनचूक पंचांग आहे, कारण ती तारीख बघत नाहीत, थंडी-ऊन बघतात. संध्याकाळी सातविणीचा उग्र गोड वास नाकात शिरू लागला, की ऋतू बदलला. हिवाळी बियाणं पेरा. काटेसावर लाल झाली, की कुंड्या बदलायला, माती उकरायला, खत द्यायला आणि दुधी-भेंडी पेरायला योग्य वेळ. त्यानंतर उशीर होतो. कडुनिंबाची पानं झडू लागली, की हिवाळी फुलांचा निरोपसमारंभ. बहावा पिवळाधमक झाला, की हात बांधून बसा. त्या दिवसांत कुंडी बदलणं, छाटणी करणं, रासायनिक खत घालणं हे सगळं बंद. फक्त पाणी आणि सावली. सातविणीच्या वासाने ज्यांचं डोकं दुखतं, त्यांनीही तो वास येतोय एवढं कळवण्यापुरता तिचा उपयोग मान्य करावा.

त्या झडलेल्या पानांचं काय होतं, हा दिल्लीतला जुना गोंधळ आहे. महाराष्ट्रातून आलेल्याला पानगळ म्हटलं की शिशिर आठवतो, पण दिल्लीच्या बऱ्याच झाडांची मोठी पानगळ होते वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये. सोसायटीतले माळी ढीग करतात आणि पूर्वी काडी लावून मोकळे होत. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये उघड्यावर पाला-कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठोठावला. तरी पहाटेचा धूर पुरता थांबलेला नाही. निसर्गाने उन्हाळ्याच्या तोंडावर, ऐन गरजेच्या वेळी, फुकट आच्छादन दारात आणून टाकलं आहे आणि आपण ते जाळतो, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत चढवतो आणि परत येताना नर्सरीतून पैसे मोजून कोकोपीट आणतो. हा वाळलेला पाला दोन-तीन इंच जाडीने कुंडीतल्या मातीवर पसरला की ओल टिकते, माती तापत नाही आणि जाळीशिवायही निम्मी झाडं मे काढतात. बाकीचा पाला पोत्यात भरून, अधूनमधून ओला करून कोपऱ्यात ठेवला की ऑक्टोबरपर्यंत खत होतं, म्हणजे नेमकं पेरणीच्या वेळी. या बाबतीत दिल्लीचा ऋतूच आपला मुनीम आहे, फक्त त्याचा हिशेब वाचायला हवा.

शेवटचा आक्षेप मनाचा. हे सगळं पाळून जी बाग उभी राहील ती दिल्लीची बाग असेल, आपली नव्हे. तिच्यात हापूस नाही, नारळ नाही, सोनचाफा नाही. नसू दे. नारळाला दिल्लीचा जानेवारी मानवत नाही आणि हापूस इथे रुसतो, पण ज्याला बादलीपेक्षा मोठ्या ड्रममध्ये आंबा लावायचाच आहे त्याच्यासाठी याच शहरातल्या पुसा संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून 'आम्रपाली' हा बुटका आंबा केव्हाच काढून ठेवला आहे. आम्रपालीच्या फळाला देवगडचा पत्ता नाही म्हणून नाकं मुरडणारे असतील, तर त्यांनी देवगडला राहावं. जिथे नोकरी तिथली भाषा शिकतो, तिथला छोले-भटुरा खातो, थंडीत तिथली रजई घेतो. बागेतच तेवढा सह्याद्री कशाला हवा? दिल्लीत चांगली बाग करणारी मराठी घरं आहेत आणि त्यांच्याकडे पाहिलं तर गुपित दिसतं ते एवढंच, की ती ऑक्टोबरात खपतात, जानेवारीत थांबतात, मार्चमध्ये पाला गोळा करतात आणि मेमध्ये सुट्टी काढून महाराष्ट्रात जातात, शेजाऱ्याकडे पाण्याची झारी सोपवून.

तेव्हा यंदा बाग करायचं मनात असेल, तर मेमध्ये रिकाम्या कुंड्या पाहून हळवं होऊ नका आणि फेब्रुवारीत फुललेल्या रेहडीला भुलू नका. पहिलं रोप ऑक्टोबरच्या मध्याला घ्या, बिनफुलाचं, वीतभरसुद्धा नसलेलं. त्याआधी रेहडीवाला कितीही स्वस्तात देत असला तरी पैसे खिशातच राहू द्या.